कळसाडीच्या मुलांचा या महिन्याचा अभ्यास

गेल्या सप्टेंबरात काही कामानिमित्त नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी या गावी जाण्याचा योग आला. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या ओसरीवर दिवेलागणीच्या वेळी दोन मुले पुस्तके उघडून बसली होती. मुलगी तिसरीत, तिचा भाऊ चौथीत. ‘या महिन्यात शाळेत काय चालले आहे?’ हा कोणीही पाहुणा विचारतो तो प्रश्न मीही विचारला. मुलीने बोटे मोडीत सांगितले, पाढे चालू आहेत, जिल्ह्याचा नकाशा झाला, मराठीची एक कविता पाठ करावयाची आहे. भाऊ म्हणाला, आमचे प्रतापगडापर्यंत आले. एवढे सांगून मुलगी घरात आजीकडे वळली आणि तिच्याशी काहीतरी बोलली. ते बोलणे मराठी नव्हते. भिल्लांच्या बोलींपैकी ती एक होती, आणि मला तिच्यातील दोन शब्दांपलीकडे काही कळले नाही.

उत्तर साधे होते. परंतु परतीच्या प्रवासात मनात घोळत राहिले ते हेच. पाढे, नकाशा, प्रमाण मराठी आणि प्रतापगड हे चार पदार्थ एकाच दप्तरात शेजारी शेजारी बसलेले असले तरी शाळेत ते एकाच वेळी आलेले नाहीत. प्रत्येकाच्या प्रवेशाचा काळ निराळा आणि प्रत्येकास आत आणणारे लोकही निराळे. ज्या वर्गास ज्या विद्येची गरज होती व ती विद्या शाळेत बसविण्याचे सामर्थ्य होते, त्या वर्गाने ती बसविली. आजीशी बोलावयाची भाषा मात्र दोनशे वर्षे उंबरठ्याबाहेरच उभी आहे. हा इतिहास मोठ्या ग्रंथांत विखुरलेला सापडतो. येथे तो कळसाडीच्या ओसरीवरून पाहावयाचा आहे.

या चारांत वयाने सर्वांत वडील पाढे. खानदेशात इंग्रजी अंमल १८१८ साली आला. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, मराठी मुलखात विद्या होती ती पंतोजीच्या शाळेत. ही शाळा कोणाच्या पडवीत, कोणाच्या वाड्याच्या ढेलजेत, नाहीतर देवळाच्या सभामंडपात भरे. छापील पुस्तक तेथे नव्हतेच. मूल प्रथम धुळपाटीवर, म्हणजे फळीवर पसरलेल्या बारीक धुळीत अक्षर गिरवी. हात वळला म्हणजे बोरू आणि कागद मिळे. लिपी मोडी. मोडी पत्र वाचता आले, लिहिता आले आणि हिशेब तोंडी करता आला की सामान्य गृहस्थाची विद्या पुरी झाली असे समजत. सायंकाळी परवचा म्हणावयाचा. त्यात देवाची स्तोत्रे आणि पाढे एकाच सुरात, एकाच श्रद्धेने म्हटले जात.

एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२४ पासून, मुंबई सरकारने आपल्या कलेक्टरांकडून अशा शाळांची माहिती मागविली. ती एकत्र झाली तेव्हा इलाख्यात सुमारे १,७०० शाळा व त्यांत ३५ हजारांच्या आसपास मुले असल्याचे दिसून आले. हे जुने कागद दप्तरांतून काढून रा. वि. परुळेकर यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले, हे त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. ते कागद वाचताना एक गोष्ट पदोपदी जाणवते. शाळेत बसणारी मुले मुख्यतः ब्राह्मणांची, वाण्यांची, सोनारांची आणि थोड्याफार सधन कुणब्यांची. मुली जवळजवळ नाहीतच. सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल मुलगा तेथे शोधूनही सापडावयाचा नाही. त्याच सुमारास, १८२५ मध्ये, औट्रॅमने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. म्हणजे सरकारने भिल्लास शिकविण्यास आरंभ केला तो कवायतीपासून. मुळाक्षरांची पाळी फार उशिरा आली.

पंतोजीच्या पाढ्यांकडे आज आपण कौतुकाने किंवा उपहासाने पाहतो. दोन्हींत त्यांचे खरे स्वरूप निसटते. पूर्णांकांच्या पाढ्यांवर ती मुले थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी आणि शेवटी एकोत्री असा तो जिना होता. औट म्हणजे साडेतीन. साडेतिनाचा पाढा आज कोणा शिक्षकाने घातला तर पालक तक्रार घेऊन जातील. परंतु रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर अशी ज्या बाजाराची रीत, त्या बाजारात पाव, अर्धा, पाऊण हेच खरे आकडे होत. सव्वातीन आणे शेराने अडीच शेर गूळ घेणाऱ्यास कागद-लेखणी काढून बसण्यास सवड कोठली? औटकी आणि अडीचकी ही त्या काळची गणकयंत्रे होती, आणि ती वाण्याच्या दुकानाने व कुळकर्ण्याच्या दप्तराने घडविली होती.

म्हणूनच त्यांचा अंतही शिक्षणशास्त्राने केला नाही. तो नाण्याने केला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पाठोपाठ किलोग्रॅम व मीटर आले. दशांशाचे राज्य सुरू होताच चतुर्थांशाच्या पाढ्यांचे वतन खालसा झाले. मोडी लिपीही त्याच दशकाच्या आगेमागे शाळांतून उठली. पंतोजीच्या दोन मुख्य विद्यांपैकी एक अशी पूर्ण गेली, आणि दुसरीचा फक्त तळमजला शिल्लक राहिला. कळसाडीची मुलगी जो साताचा पाढा म्हणत होती तो त्या तळमजल्यातील होय.

त्या तळमजल्यावरही अलीकडे एक वाद झाला, आणि तो येथे सांगण्यासारखा आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचण्याची नवी रीत दिली गेली. ‘सत्तावीस’ याबरोबर ‘वीस सात’, ‘त्रेसष्ट’ याबरोबर ‘साठ तीन’. वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातही गहजब झाला. मराठी भाषा मोडली, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे खुलासा केला की जुनी नावे रद्द केलेली नाहीत. लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम यांतील विरोधामुळे लहान मुले अडखळतात म्हणून ही सोय आहे. त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेणारे थोडे निघाले.

मला हा वाद आठवला तो मुलीच्या तोंडून ‘एकोणसाठ’ हा शब्द ऐकताना. पाटीवर दिसतात पाच आणि नऊ. कानावर पडते ‘साठ’. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे संस्कृत वळण ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या नांदते आहे त्यालाही ते पाठच करावे लागते. ज्याच्या घरी मराठी बोलतच नाहीत त्याला ते किती दूरचे पडेल याचा विचार करावा. वादात हिरिरीने बोलणारे सर्वजण हे आकडे आईच्या मांडीवर शिकलेले होते. भाषेच्या सौंदर्याची त्यांची चिंता खोटी नव्हती; परंतु ज्या मुलाचा प्रश्न होता ते मूल त्या सभेत नव्हते. माझ्यापुरते म्हणावयाचे तर मला ‘त्रेसष्ट’ हा शब्द प्रिय आहे, आणि तरीही पहिली दोन वर्षे ‘साठ तीन’ चालू दिल्याने तो मरेल असे मला वाटत नाही.

आता मराठी. पंतोजीच्या शाळेत ‘मराठी’ हा विषय नव्हता. मराठी ही तेथे हवेसारखी होती. शिकवावयाची ती लिपी आणि पत्राचा मायना. मराठी विषय झाली ती छापखान्याबरोबर. १८२० नंतर मुंबईस शाळापुस्तकांची मंडळी स्थापन झाली. जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणविली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश निघाला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. १८५४ चा वुडचा खलिता येऊन १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते निघाले, आणि मग क्रमिक पुस्तकांची मालिका सुरू झाली. तिच्यावर मेजर कँडी यांची करडी नजर असे. विरामचिन्हे मराठीत रुळली ती मुख्यत्वे त्यांच्या आग्रहाने.

या पुस्तकांनी मराठीवर केलेले उपकार नाकारण्याचे कारण नाही. मुलांच्या हाती प्रथमच सुबोध गद्य आले. परंतु छापावयाची मराठी कोणती, हा निर्णय त्या वेळी झाला, आणि तो पुण्याकडील शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने झाला. कोश, व्याकरण आणि क्रमिक पुस्तक या तीन खुंट्यांवर जी भाषा ताणून बसविली ती ‘शुद्ध’ ठरली आणि उरलेल्या साऱ्या बोली एका रात्रीत ‘अशुद्ध’ झाल्या. अहिराणी बोलणाऱ्या खानदेशी मुलास आपण चुकीचे बोलतो ही वार्ता प्रथम शाळेत समजली. भिली बोलणाऱ्या मुलास ती समजण्याचाही प्रसंग नव्हता, कारण तो शाळेत नव्हता.

खात्याच्या शाळेत काय शिकवावे याबद्दल एक निराळा आवाज १८८२ मध्ये उठला. हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी सर्वांस ठाऊक आहे. त्याच निवेदनातील अभ्यासक्रमाचा भाग मात्र तितका वाचला जात नाही. वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे थोडे पाठ, एवढी त्यांची मागणी. खेड्यातील शाळेत विषय थोडे असले तरी चालतील, पण ते कमी व्यवहारोपयोगी असता कामा नयेत, असे ते बजावतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत. ज्याला नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही आणि जो खालच्या समजल्या जाणाऱ्या लोकांत मोकळेपणाने मिसळेल असा तो असावा. पुस्तकापेक्षा शिक्षक कोठून आला याकडे त्यांनी आधी पाहिले, हे त्यांच्या दृष्टीचे वैशिष्ट्य होय. ज्या मास्तरला मुलाचे घर ठाऊक आहे त्याला मुलाची भाषा ठाऊक असणार, हे त्यात ओघानेच आले. फुल्यांनी भिलीचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडलेला नाही. तथापि त्याच्या उत्तराकडे जाणारी वाट त्या वाक्यात आहे, असे मला वाटते.

सरकारने ती वाट धरली नाही. शेजारच्या बडोदे संस्थानाने तिच्या काही अंतर चालून पाहिले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो सर्व संस्थानास लागू केला. नवापूरच्या पलीकडे असलेल्या सोनगडास तर त्यापूर्वीच, १८८० च्या दशकात, आदिवासी मुलांसाठी त्यांनी वसतिगृहासह शाळा काढली होती. सातपुड्याच्या या अंगास इंग्रजी अंमल होता, तेथे असे काही होण्यास पुढे अर्धशतक लागले. मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचे कायदे १९१८, १९२३ आणि १९४७ असे एकामागून एक झाले. सक्ती कागदावर आली. डोंगराच्या चढणीवर तिचा दम सुटत असे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा येऊन गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, तेव्हापासून शाळा पाड्यापर्यंत पोचू लागली.

नकाशाची कथा थोडी गमतीची आहे. तिसरीस ‘परिसर अभ्यास’ या विषयाचे पुस्तक जिल्ह्यागणिक निराळे असते. नंदुरबारच्या मुलांस नंदुरबारचे. मुलीने मोठ्या अभिमानाने जिल्ह्याची आकृती दाखविली. सहा तालुके, उत्तरेस नर्मदा, मधून तापी, वर तोरणमाळ. कळसाडीचे नाव त्यात नव्हते. एवढ्या लहान नकाशात ते असावयाचेही नाही. जिल्ह्यापासून भूगोलास आरंभ करण्याची ही रीत मात्र नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकातही जिल्ह्याजिल्ह्यांच्या भूगोलाची लहान लहान पुस्तके निघत. कलेक्टर जिल्ह्यास आपल्या राज्याचा घटक समजे, म्हणून मुलानेही तसेच समजावे.

परंतु जिल्हा ही वस्तू डोंगरासारखी स्थिर नसते. या भागातील एखाद्या वृद्धाचा आजा शाळेत गेला असेल तर त्याने ‘खानदेश’ जिल्ह्याचा भूगोल घोकला असेल. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, म्हणून त्याच्या मुलाने ‘पश्चिम खानदेश’ घोकला. महाराष्ट्र झाल्यावर पश्चिम खानदेशाचा ‘धुळे’ जिल्हा झाला. मग पुढल्या पिढीने धुळ्याच्या नद्या व तालुके पाठ केले. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निराळा झाला आणि आजचे मूल ते नाव सांगते. चार पिढ्या त्याच झाडाखाली बसल्या, तीच तापी त्यांनी पाहिली, आणि परीक्षेत चार निराळी उत्तरे लिहून सर्वजण उत्तीर्ण झाले.

त्या नकाशात मुलास दाखविण्याजोगे पुष्कळ आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे हे क्षेत्र यात्रेमुळे सर्वांस माहीत आहे. तेथे १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि थरांखाली थर उकलीत ते ताम्रपाषाण युगापर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांमागे, जाऊन पोचले. रंगविलेली मडकी, तांबे आणि दगडाची हत्यारे वापरणारे लोक याच नदीचे पाणी पीत होते. तिसरीच्या मुलीस ‘इतिहास म्हणजे काय’ हे समजविण्यास याहून सोपे साधन नाही. संगमाच्या काठी उभे राहून मातीच्या कड्याकडे बोट दाखविले की पुरे.

भावाचा प्रतापगड दप्तरात आला तो सर्वांच्या मागून, निदान आजच्या रूपात. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली आणि १९७० मध्ये चौथीसाठी ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक निघाले. अभ्यासक्रम पुढे अनेक वेळा बदलले, पुस्तकाच्या कपाळी ‘परिसर अभ्यास’ हे नाव लागले. परंतु ते पुस्तक बदलण्याचा विचार निघाला की पालक-शिक्षकांचा आग्रह पडे की हेच असू द्या. पन्नास वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रातील प्रत्येक नऊ-दहा वर्षांच्या मुलाने तीच कथा वाचली. आजोबा आणि नातू यांस एकमेकांशी बोलावयास एवढा एक धडा समान आहे, ही लहान गोष्ट नव्हे. मुलगा मला अफजलखानाची भेट सांगत होता तेव्हा त्याचे मराठी एकाएकी सुधारले. वाक्येच्या वाक्ये पुस्तकातली येत होती आणि डोळे चमकत होते.

त्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात शिरीषकुमारांचा स्मृतिदिन झाला होता. १९४२ च्या त्या दिवशी शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता यांस सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. लालचंद, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे त्यांचे सोबती त्याच दिवशी पडले. या मुलांच्या तोंडी जी घोषणा होती ती गुजराती होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्या गावातील व्यापारी घरांची ती भाषा. देशासाठी प्राण देताना त्यांना भाषांतर करून घ्यावे लागले नाही, आणि आज त्यांचा वृत्तान्त मराठीत शिकविताना कोणासही त्यात वावगे वाटत नाही.

याच्याही मागे गेले तर सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार खाज्या नाईक आहे, १८५७ मध्ये बंड करून उठलेला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजांशी मोठी चकमक झाली. तळोदे तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज आहेत. १९३० च्या दशकात त्यांनी हजारो आदिवासींस दारू सोडण्यास लाविले आणि परस्परांस ‘आप’ म्हणून मान देण्यास शिकविले. त्यांच्या आठवणी या भागातील म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहेत, आणि त्या बोलीतच आहेत. प्रतापगडाचा पाठ काढून हे घालावे असे कोणी म्हणणार नाही. मी तर मुळीच नाही. पण त्या ओसरीवर आत बसलेल्या आजीस यातील काही ठाऊक असेल आणि तिला ते विचारण्याचा प्रसंग नातवाच्या अभ्यासात येत नाही, एवढे मात्र लक्षात आले.

येथे मूळ मुद्दा येतो. भिल्लांच्या बोली सरकारास अज्ञात होत्या असे नव्हे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात भिल्ली बोली आणि खानदेशी यांचे व्याकरण आणि नमुने छापलेले आहेत. विद्वानांच्या कपाटात ही भाषा त्या वर्षीच जाऊन बसली. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये घटनेत ३५० अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा तेच सांगतो, फक्त ‘शक्य तेथवर’ हे शब्द जोडून. २०२० चे राष्ट्रीय धोरण निदान पाचवीपर्यंत तसे व्हावे म्हणते. तेथेही ‘शक्य तेथे’ आहेच. हे दोन शब्द फार सोशिक आहेत. त्यांच्या आड साठ-सत्तर वर्षे सहज मावतात.

२०११ च्या शिरगणतीत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. तीत शंभरातील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची. साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. राज्याची सरासरी तेव्हा ८२ होती. या दोन आकड्यांचा संबंध केवळ भाषेशी आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल. दारिद्र्य आहे, ऊसतोडीस आणि गुजरातेत मजुरीस जाणारी कुटुंबे आहेत, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आहेत. परंतु सहा वर्षांचे मूल प्रथम शाळेत येते आणि मास्तर जे बोलतात ते त्यास कळत नाही, हा अनुभव त्या आकड्यांत कोठेतरी मिसळलेला आहे. पहिलीचे वर्ष इतर मुले वाचावयास शिकण्यात घालवितात. हे मूल तेच वर्ष ऐकावयास शिकण्यात घालविते. तिसरीत दोघांची परीक्षा एकच. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेनेही तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे असे उद्दिष्ट धरले आहे. अर्थ कोणत्या भाषेत समजावा हे तिने विचारले तर बरे.

निराळे करून दाखविणारे लोक याच जिल्ह्यात झाले. नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या बुडीत जाणाऱ्या गावांत, नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा काढल्या. पहिल्यांपैकी एक अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडी येथे. शिक्षक त्याच मुलखातले, आरंभीचे शिक्षण मुलांच्या बोलीत, मग मराठी. धरणाविषयी ज्याचे मत काही असो, त्याने ही गोष्ट पाहण्यासारखी आहे. बोलीतून आरंभ केल्याने मुले मराठीस मुकली नाहीत. सरकारी शाळांतही काही शिक्षक आपल्यापुरती शब्दांची यादी करून भिंतीवर लावतात, एका बाजूस बोलीतला शब्द व दुसऱ्या बाजूस मराठी. खात्याच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा मला त्या यादीचे मोल अधिक वाटते.

२०२५ च्या एप्रिलात राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा निर्णय काढला. जूनअखेर, २९ तारखेस, विरोधामुळे तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या अडीच महिन्यांत मराठी मुलावर तीन भाषांचे ओझे नको, लहान वयात मातृभाषाच बरी, असे उत्तम युक्तिवाद ठिकठिकाणी वाचावयास मिळाले. ते मला पटले. मात्र त्या सर्व लेखांत तीन भाषा मोजताना पहिली भाषा मराठी धरलेली असे. कळसाडीच्या मुलीची गणना त्यात चारवर जाते, आणि तिची पहिली भाषा मोजणीस येतच नाही. जो न्याय आपण दिल्लीकडे मागितला तोच सातपुड्यातून कोणी आपल्याकडे मागितला तर काय उत्तर द्यावयाचे, हा प्रश्न माझ्या वाचनात क्वचितच आला. आता पहिलीची नवी पुस्तके आली आहेत, पुढील इयत्तांची क्रमाने यावयाची आहेत; हा प्रश्न विचारण्यास याहून सोयीची वेळ लवकर येणार नाही.

जेवणे झाल्यावर आजी ओसरीवर येऊन बसली. तिने मुलीस काही विचारले. मुलीने नकाशाचे पान उघडून तिला सांगण्यास आरंभ केला. बोट तापीवरून फिरत होते. मधूनच ‘तालुका’, ‘उत्तर’, ‘सीमा’ असे पुस्तकी शब्द येत आणि त्यांच्या मागेपुढे ती दुसरी भाषा भरभर वाहत असे. आजी मध्येच काही दुरुस्त करी, बहुधा कोणत्यातरी गावाचे नाव. मुलगी मान हलवून पेन्सिलीने तेथे बारीक खूण करी. पाच-दहा मिनिटे हे चालले. मुलाने मधल्या मधे मला दोनदा भाषांतर करून सांगितले, तिसऱ्या वेळी तो कंटाळला.